भाऊबीजेचे शेअर

आपल्या पैशाचा धूर कुठे जातो, ते माणसाने मरण्यापूर्वी एकदा तरी पाहावे.

हे वाक्य माझे आहे. इथल्या, म्हणजे रायपूरच्या, मराठी मंडळींच्या एका सभेत, पर्यावरणावर चार शब्द बोला असे अध्यक्षांनी ऐनवेळी सांगितले, तेव्हा ते मला सुचले. टाळ्या पडल्या. शाल मिळाली. शाल सिंथेटिक होती, म्हणजे तीही मुळात तेलातूनच निघालेली, पण हे मला घरी आल्यावर सुचले. सर्वांत जोरात टाळ्या माझ्या मेव्हण्याने वाजवल्या. आमच्या घरात तेल कंपनीचे शेअर त्यानेच आणले, आणि तेही ओवाळणीच्या ताटात.

मी एका सरकारी संस्थेत ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाने सगळे वाचलेले असते असा लोकांचा समज असतो. त्याने सगळ्याची मुखपृष्ठे वाचलेली असतात. बायको विज्ञानाची शिक्षिका. तिची शाळा शहराबाहेर, उरल्याच्या कारखान्यांजवळ, म्हणून आम्ही एकोणीस वर्षे तिथेच एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. ती शाळेत पायी जायची, मी बसने शहरात.

उरल्यात पांढरी वस्तू ही थोडक्या दिवसांची गोष्ट असते. मुलीचे शाळेचे मोजे, गच्चीवर वाळत घातलेले पापड, वर्गातला खडू, सगळे हळूहळू एकाच रंगाकडे जायचे. सकाळी उठून गच्चीवर हात फिरवला की तळवा काळा. चुंबकाचा धडा आला की दुसऱ्या शाळांना लोहचूर विकत आणावा लागे. माझी बायको मुलांना आदल्या दिवशी सांगायची, घरी गच्ची झाडा आणि कागदात बांधून आणा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक लाल चुंबक होता तिच्याकडे. तो त्या धुळीवरून फिरवला की त्याला दाढी फुटायची. मुले हसायची. तीही हसायची, मग खोकायची. खोकला तिथून निघताना आमच्याबरोबर आला आणि शहरातल्या तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये तो अजून आहे.

तिचा भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे हिनेच त्याला गोंदियाहून इकडे आणले, पॉलिटेक्निकला घातले. तीन वर्षे तो आमच्या पुढच्या खोलीत राहिला. मग त्याला उरल्यातच लोखंडाच्या एका कारखान्यात विजेच्या विभागात नोकरी लागली. पुढे तो रात्रीच्या शिफ्टचा प्रमुख झाला. त्या कारखान्याची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसायची. पाहुणे आले की बायको ती दाखवायची, जशी दुसऱ्या बायका भावाचा बंगला दाखवतात.

चिमणीला धूळ पकडणारे यंत्र होते. विजेवर चालणारे, मोठे, महागडे. लोक त्याला नुसते फिल्टर म्हणत. दिवसा चिमणीतून जेमतेम पांढुरकी वाफ निघायची. काळे जे यायचे ते रात्रीत यायचे.

"काहून रे," बायको त्याला विचारायची, "रात्री एवढी धूळ कुठून येते?"

"आमचा फिल्टर चालू राहते ताई. हे बाजूवाल्याचं काम हाये."

बाजूवाला म्हणजे शेजारचा कारखाना. आम्ही त्याचा मनापासून द्वेष केला. मी दोन तक्रारअर्ज लिहिले, चांगल्या हिंदीत, संदर्भासह. माहिती मेव्हण्याने पुरवली. अर्जांची पोच मिळाली, ती मी जपून ठेवली. शेजारच्या कारखान्याचे म्हातारे व्यवस्थापक रस्त्यात भेटत आणि नमस्कार करत. मी मान फिरवून पुढे जाई. तत्त्वनिष्ठ माणसाला असे करण्यात एक समाधान असते. ते मी बरीच वर्षे घेतले.

बायको निवृत्त झाली. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले. तिने एकच अट घातली. पैसे कुठेही ठेवा, पण धूर काढणाऱ्या कंपनीत माझा एक पैसा जायला नको. मला ही अट आवडली. सभेतले वाक्य मला बहुधा तिच्या या अटीवरूनच सुचले असावे. श्रेय तिला द्यायचे राहून गेले.

त्याच वर्षी भाऊबीजेला मेव्हणा आला. नोकरी सोडून तो आता दिवसभर मोबाइलवर शेअर पाहत असे. पाटावर बसला, टोपी घातली, आणि ताटात एक लिफाफा ठेवला.

"ताई, या वेळी साडी नाई आणली."

"बरं केलं. मागची घडी मोडायची आहे अजून."

"शेअर देऊन राहिलो तुले. तेल कंपनीचे. तुझ्या खात्यात टाकले सकाळीच."

तिने निरांजन खाली ठेवले. "म्हणजे धुराचे."

"ऐक तं पहिले. हे लोक धूर पकडून जमिनीत गाडून राहिले आता. कार्बन कॅप्चर म्हणते त्याले. चिमणीतून निघाला की पाइपात, पाइपातून खाली जुन्या विहिरीत. वरून बूच."

"आणि बूच निघालं तं?"

"किती खोल हाये ते माहीत आहे का? कसं निघन?"

"तुझ्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सहा महिन्यांपासून बंद आहे. तुझी बायको सांगत होती. अन् हे जमिनीच्या खाली गाडून राहिले."

"भाऊजी, तुम्ही समजावा हिले. तुम्ही तं वाचता."

हाच माझा नाजूक भाग. कुणी मला 'तुम्ही तर वाचता' म्हटले की मी वाचतो.

कंपनीचा वार्षिक अहवाल मागवला. जाड, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर एक अंकुर. तेल कंपनीच्या अहवालावर अंकुर आणि बँकेच्या अहवालावर हसणारा शेतकरी, हे आता ठरून गेले आहे. आत अध्यक्षांचे पत्र होते, ते सहा पाने पृथ्वीविषयी होते. बायकोचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले, म्हणून संध्याकाळी मी मोठ्याने वाचायचो आणि ती मेथी निवडायची. आमच्याकडे पूर्वीपासूनची ही पद्धत. पेपर, दिवाळी अंक, औषधाच्या डब्यातला कागद, सगळे मी वाचतो, ती ऐकते आणि मध्ये प्रश्न विचारते.

कार्बन कॅप्चरचे प्रकरण चांगले लिहिले होते. शुद्धीकरण कारखान्याच्या चिमणीतून निघणारा वायू कसा वेगळा काढणार, कसा दाबून नेणार, कसा हजारो वर्षे खडकात बंद करणार. आकृती होती. आकृतीत बाण सगळे खाली जात होते. त्यानंतर एक परिच्छेद असा होता की हा वायू जुन्या विहिरींत सोडल्याने तळाशी अडकलेले तेल वर येण्यासही मदत होईल, आणि त्यामुळे प्रकल्प अधिक किफायतशीर ठरेल. म्हणजे धूर पुरायचा, तर त्यातून आणखी तेल निघणार, ते जळणार, त्याचा पुन्हा धूर होणार.

तो परिच्छेद मी गाळला.

मेव्हणा ताटात काहीतरी चांगले घेऊन आला होता. तिला खूप वर्षांनी कुणावर तरी विश्वास ठेवावासा वाटत होता. आणि आकृतीतले बाण खाली जात होते. मी पान उलटले. मेथी निवडून झाली. ती म्हणाली, "बरं आहे मग. आयुष्यभर यांचा धूर खाल्ला, आता यांनी थोडा पुरला तं आपले पैसे द्यायले काय हरकत आहे." तिने फंडातले बरेच पैसे त्या कंपनीत घातले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चहात साखर जास्त टाकली. ती खुश असली की असे होते.

पुढच्या वर्षी कंपनीच्या वार्षिक सभेचे निमंत्रण आले. सभा हल्ली लॅपटॉपवर होते. ज्याला बोलायचे असेल त्याने आधी नाव नोंदवायचे. तिने नोंदवले. मला विचारले नाही, मुलीला हैदराबादला फोन करून विचारले. मुलगी म्हणाली, "मम्मी, आप क्या पूछोगी उनसे?" ही म्हणाली, "आहे एक."

सभेच्या सकाळी तिने इस्त्रीची साडी नेसली. पोहे केले. मेव्हणा मुद्दाम आला होता, बहीण टीव्हीवर दिसणार या थाटात. मी सांगितले की टीव्ही नाही. तो म्हणाला, "एकच ना भाऊजी, पडदा तं पडदा."

मी अनेक सभा पाहिल्या आहेत, पण इतकी गोड सभा पाहिली नव्हती. भागधारक एकामागून एक पडद्यावर येत. एकाने सेक्रेटरींच्या कार्यालयाचे आभार मानले, कारण अहवाल वेळेवर आला. दुसऱ्याने अहवालाच्या छपाईचे कौतुक केले. तिसऱ्याने अध्यक्षांवर स्वतः रचलेल्या चार ओळी म्हटल्या. चौथ्याची मागणी होती की पूर्वी सभेनंतर मिठाईचा डबा मिळायचा, तो घरपोच सुरू करावा. अध्यक्ष हात जोडत होते. त्यांच्या मागे भिंतीवर एक अंकुर होता.

मग हिचे नाव घेतले गेले. ती पडद्याच्या फार जवळ बसली होती, त्यामुळे तिचे कपाळच जास्त दिसत असावे.

"नमस्ते," ती वर्गात बोलते तशी बोलली. "मैं रायपुर से बोल रही हूँ। मेरा एक ही सवाल है। ये जो धुआँ पकड़ने की मशीन आप लगा रहे हो, वो रात को भी चालू रहेगी क्या?"

अध्यक्षांनी शेजारच्या माणसाकडे पाहिले, शेजारच्याने कागदाकडे.

"मैडम, बहुत महत्वपूर्ण प्रश्न है," अध्यक्ष म्हणाले. "हमारी टीम आपसे संपर्क करेगी।"

पुढच्या भागधारकाने लाभांशाबद्दल धन्यवाद दिले. हिने लॅपटॉप स्वतःच बंद केला. मी हसत होतो. मला वाटले, अख्ख्या सभेत एकच खरा प्रश्न होता आणि तो माझ्या घरातून गेला. मेव्हण्याकडे पाहिले, तर तो हसत नव्हता. पोह्यांच्या ताटलीत चमचा तसाच.

"ताई, रात्रीचं काहून विचारलं तू?"

"दिवसा तं कोणीही चालू ठेवते. दिवसा पाहायले येतात लोक."

तो ताटलीकडे पाहतच म्हणाला, "मीच बंद करत होतो."

"काय बंद?"

"फिल्टर. रात्री आठनंतर. वरून सांगून ठेवलं होतं. लय वीज खाय ते. मी नसतं केलं तं दुसऱ्यानं केलं असतं."

मला आधी नीट समजलेच नाही. माझ्या तोंडून प्रश्न निघाला तो अगदीच भलता. "आणि बाजूवाला?"

"बाजूवाल्याचा चालू राहत होता भाऊजी."

मला ते म्हातारे व्यवस्थापक आठवले. त्यांचा नमस्कार आठवला. पोच मिळालेले अर्ज आठवले, चांगल्या हिंदीतले.

बायको त्याच्यावर ओरडली असती तर सगळ्यांनाच बरे वाटले असते. ती शिक्षिकेच्या पद्धतीने एक एक गोष्ट विचारत गेली.

"शिफ्टच्या आधी जेवायले येत होता तू आमच्याकडे."

"हव."

"मी पोळ्या करून द्यायची. डब्यातही द्यायची."

"हव."

"अन् जेवून जाऊन बंद करत होता."

"हव ताई."

"आपली पोट्टी झोपलेली राहत होती गच्चीवर. उन्हाळ्यात."

यावर तो 'हव' म्हणाला नाही. त्याने चमचा ताटलीत नीट आडवा ठेवला.

आमच्याकडे माणूस जायला उठला की ही दारात हमखास म्हणते, जेवूनच जा. वीजबिल वाटायला येणाऱ्यालाही म्हणते. त्या दिवशी तो उठला, चपला घातल्या, लिफ्टपाशी जरा थांबलाही. ती काही म्हणाली नाही. मी म्हणावे की नाही या विचारात असताना लिफ्ट आली.

संध्याकाळी तिने कपाटातून मागच्या वर्षीचा अहवाल काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मेथी नव्हती, काहीच निवडायला नव्हते. नुसती बसली.

"ते धुराचं पुन्हा वाचा. गाळू नका काही."

'गाळू नका' असे ती यापूर्वी कधी म्हणाली नव्हती. मी वाचले. वायू वेगळा काढणे, दाबून नेणे, खडकात बंद करणे. आणि मग तो परिच्छेद. आवाज एकसारखा ठेवायचा प्रयत्न केला.

"हे मागच्या वेळी नव्हतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग?"

"मी वाचलं नाही."

ती खिडकीपाशी गेली. तिथे कठड्यावर तो लाल चुंबक असतो. इथे येताना तिने शाळेकडून मागून आणला होता. तिने तो उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला.

"बाहेरचं कोणीच नाई यात," ती म्हणाली. "सगळे घरचेच."

माझ्याकडे बचावापुरते वाचन भरपूर होते, पण ते सगळे मुखपृष्ठांचे. पुढचे काही दिवस तिने पेपर स्वतः वाचला, भिंग घेऊन. फार सावकाश वाचायची. मी समोर बसून असायचो, तोंड असून उपयोग नसल्यासारखा. एकदा मी म्हटले, "दे, मी वाचतो." ती म्हणाली, "राहू द्या, मले पूर्ण वाचायचं आहे."

महिनाभराने कंपनीच्या टीमने खरोखरच संपर्क केला. ईमेल नम्र होता. आपल्या मौल्यवान प्रश्नाबद्दल आभार. सदर प्रकल्प व्यावसायिकदृष्ट्या तूर्त व्यवहार्य नसल्याने स्थगित ठेवण्यात आला आहे. त्यामुळे यंत्र रात्री चालू राहील का, या प्रश्नाला कंपनीने तसे पाहिले तर प्रामाणिक उत्तर दिले होते. ते दिवसाही चालू राहणार नव्हते. ते बसवलेच जाणार नव्हते.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. आत, व्यापाराच्या पानावर. कंपनीने अनावश्यक खर्चाला कात्री लावल्याचे बाजाराने स्वागत केले आणि शेअर चांगलाच वर गेला. हिने भिंगाखाली धरून ती बातमी दोनदा वाचली.

"वर गेला म्हणजे?"

"म्हणजे आपला फायदा झाला."

"त्यांनी शब्द मोडला म्हणून?"

"हो."

तिने सगळे शेअर विकायला सांगितले. फंडाचेही आणि भाऊबीजेचेही. मुलीचा फोन आला, "पापा, अभी मत बेचो, और बढ़ेगा।" मी सांगितले, तुझ्या आईला सांग. तिने आईला सांगितले नाही. आमच्या घरात एवढे शहाणपण एकाच माणसात आहे. शेअर विकले. मुद्दल पुन्हा बँकेत गेले, जिथे ते कुणाला दिले जाते ते आम्ही विचारत नाही.

भाऊबीज आली. मेव्हणा येईल की नाही ते मला ठाऊक नव्हते. हिने मात्र पाट मांडून ठेवला होता, न बोलता. तो आला. टोपी विसरला होता, म्हणून डोक्यावर रुमाल टाकला. तिने त्याला टिळा लावला, ओवाळले. दोघांपैकी कुणीही कुणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. ताटात त्याने साडी ठेवली. तीही सिंथेटिक होती.

"जेवून जा," ती म्हणाली. पण ते तिने ताट आत नेताना, पाठमोरी असताना म्हटले. तो जेवला. पोळ्या मी वाढल्या. पूर्वी तो आठ पोळ्या खायचा. त्या दिवशी दोन खाऊन त्याने ताटात पाणी सोडले.

शेअरवर झालेल्या फायद्याचे काय करायचे, ते तिने आधीच ठरवले होते. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे, झोपायच्या खोलीत ठेवायला. दुकानातल्या मुलीने सगळे समजावून सांगितले. आत तीन थरांचा फिल्टर, धुळीचा बारीक कणही सुटत नाही, हवा खराब असली की लाल दिवा, चांगली झाली की हिरवा. "आंटी, बस चौबीस घंटे चालू रखना, तभी फायदा है," ती म्हणाली. हिने ते वाक्य दोनदा म्हणून घेतले, मुलांकडून नियम पाठ करून घ्यावा तसे.

यंत्र आले. पहिल्या संध्याकाळी लाल दिवा लागला आणि अर्ध्या तासात हिरवा झाला. आम्ही दोघे पलंगावर बसून ते पाहत होतो. तिला खोकला आला नाही. त्या आठवड्यात तिने पेपर पुन्हा माझ्याकडे दिला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा म्हणाली, जाहिरातींसकट. मी जाहिरातींसकट वाचतो.

यंत्र उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पहिले विजेचे बिल आल्यापासून ते रात्री बंद असते. बटण तिच्या बाजूला आहे.